खालचे चार माग

कुरिअरवाल्यानं नाव तीनदा चुकवलं,
चौथ्यांदा मी हो म्हटलं.
पुठ्ठ्यात काळी तबकडी, ताटाएवढी,
वर तिचा फोटो:
माझं जुनं शहापुरी लुगडं डोक्याला गुंडाळलेलं,
काठ कपाळावर.

मुतिंता.
वडगावात ते कुणाला पेललं नाही,
गल्लीनं तिची मुक्ता केली.
तिच्याकडं मुलग्यांच्या पाठीवर मुलगी झाली
की हे नाव ठेवतात म्हणे. म्हणजे बदल.
आमच्या तर गावाचंच नाव बदललेलं,
हिचं कोण धरून बसणार.

सात घरांनी तिला फोनवर ये म्हटलं
आणि दारात बघून खोली गेली म्हटलं.
मी दिली. पुण्य म्हणून नव्हे,
खाली चार माग चालायचे,
त्या खडखडाटावर भाडेकरू टिकत नसे.

पोलिसात तिचा फॉर्म भरायला गेले,
कागद कन्नडात.
मी म्हटलं, मराठीत द्या की.
साहेब म्हणाला, बाई, परदेशी कोण, तुम्ही का ती?
दोघी हसलो.
ती न समजता, मी समजून.

मक्याचं पीठ मी गिरणीतून आणायची.
ती उकळत्या पाण्यात घाटायची
आणि घाटता घाटता खालच्या मागांवर गुणगुणायची.
चौघांची चाल वेगळी.
कोपऱ्यातला लंगडा, तिसरा घाईचा,
खटक् खट, खटक् खट, ख–
त्यात तिला पाय ठेवायला जागा
कुठं सापडायची कोण जाणे.

गल्ली विचारायची, खानापूरच्या जंगलातली काय गं, सिद्दी?
एकदा नेलंच तिला. बसनं, पुढं चालत.
तिथल्या म्हातारीनं तिचा हात घेतला,
उलटासुलटा बघितला,
म्हणाली, कुणाची गं तू?
मराठीच, थोडी कोकणी मिसळलेली.
रंग दोघींचा एक
आणि मधे मी, इकडचं तिकडं सांगणारी.
येताना बसमध्ये ती एक शब्द बोलली नाही.
रात्री वरून आवाज आला.
गाणं की रडणं,
मी जिना चढले नाही.

पर्शा कॅम्पातून कुणाचा तरी प्लेअर घेऊन आला.
अक्का, म्हणाला, याला जॅझ म्हणतात.
धरलेली चाल मधेच सोडायची
आणि हरवलोच नव्हतो असं परत यायचं.
मी म्हटलं, मग सोपं नाही.

पहिली दोन गाणी पियानोची.
विमानतळ, थंडी, भावाला पाठवायचे पैसे,
पर्शा सांगत होता,
खरं त्याचंही इंग्रजी बेताचंच.
तिसरं लागलं.

खटक् खट.
खटक् खट, ख–

मी उठून शेडच्या दाराशी गेले.
आत पर्शाच्या रिपेरीच्या मोटरसायकली,
फरशीवर तेलाचे चार डाग.
माग किलोवर गेले, लॉकडाऊननंतर.
भंगारवाला म्हणाला, लाकडाचं वेगळं मिळणार नाही.

आणि हे चौघे, लंगडा, घाईचा, सगळे,
कुठल्या गारठ्याच्या शहरात
तिच्या आवाजाखाली चालू.
जिन्यात फोन ठेवून ती काय करायची
ते आत्ता कळलं.

मग धागा तुटला.
मला पर्शाआधी कळलं, हाताला कळतं ते.
तिसरा अडला
आणि त्या मोकळ्या जागेत कुणी बाई खेकसली:
थांब गं मुक्ते घडीभर,
कुठं तुटलंय ऐकू दे.
गाण्यातली ती खरंच थांबली.
पाच, सहा, सात खटके.

पुठ्ठ्याच्या पाठीमागं बारीक अक्षरं.
पर्शानं उजेडात धरून वाचलं:
ढोल – यल्लू आणि बाई.
अक्का, तुझ्या दोन केल्या की!

असू दे, म्हटलं.
तिचं नाव तरी आपण कुठं नीट घेतलं.